राउटर फेकण्याआधी त्याचं ऐका

मारतहळ्ळीत राहून आउटर रिंग रोडवरच्या एखाद्या कंपनीत नेटवर्किंगचं काम करणारं कुणी तुमच्या घरात आहे? त्याच्या बॅगेत बहुधा एक फिकट निळी, चपटी केबल सापडेल. ती कन्सोल केबल. नव्या कोऱ्या स्विचला पडदा नसतो, कीबोर्ड नसतो, कधी नेटवर्कचा पत्ताही नसतो. त्याच्याशी पहिलं बोलणं होतं ते याच केबलवरून.

या पद्धतीला सिरियल म्हणतात, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणं. त्यासाठी तीन तारा पुरतात: एक बोलायला, एक ऐकायला आणि तिसरी दोघांची सामाईक ग्राउंड. यासाठीचं आरएस-२३२ हे मानक १९६० सालचं आहे आणि आजही वापरात आहे.

घरचे दोन संगणकही असे जोडता येतात. आजच्या लॅपटॉपला सिरियल पोर्ट नसतो, म्हणून यूएसबी-सिरियल अडॅप्टर घ्या. बेंगळुरूत एसपी रोडवर चौकशी करा. मधली केबल ‘नल मोडेम’ मागा. तिच्यात एकाची बोलण्याची तार दुसऱ्याच्या ऐकण्याच्या तारेला जोडलेली असते. विंडोजवर ‘पुट्टी’ हे मोफत सॉफ्टवेअर उघडा, ‘सिरियल’ निवडा आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसणारा कॉम क्रमांक टाका. लिनक्सवर ‘मिनिकॉम’ आहे.

वेग दोन्हीकडे सारखाच ठेवा, उदाहरणार्थ ९६००. पडद्यावर अगम्य चिन्हं आली तर बहुधा वेग जुळत नाही. काहीच आलं नाही तर एंटर दाबून पाहा, मग तारा तपासा. एका अक्षराला साधारण दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. तीन एमबीचा एक फोटो पाठवायला पाऊण तासाहून जास्त वेळ लागेल!

मग उपयोग काय? अपडेट चालू असताना वीज गेली आणि वायफायचा राउटर बंद पडला, असं समजा. राउटर हाही एक छोटा संगणकच. अनेक राउटरच्या आतल्या बोर्डावर सिरियलच्या पिना असतात. सुरू होताना तो कुठे अडकला, हे तिथे अक्षरांत वाचता येतं.

मात्र सांभाळा. या पिना सहसा ३.३ व्होल्टच्या असतात. आरएस-२३२ ची केबल थेट लावली तर बोर्ड जळू शकतो. त्यासाठी ३.३ व्होल्टचा वेगळा टीटीएल अडॅप्टर घ्या, फक्त तीनच तारा जोडा आणि वीजपुरवठ्याची पिन मोकळी सोडा. वॉरंटी चालू असेल तर राउटर उघडूच नका.