पैसे उडाले? बॉम्ब मारा... सॉरी, बंब बोलवा!

एटीएम कार्ड हरवलं तर आपण काय करतो? बँकेला फोन. कार्ड ब्लॉक, विषय संपला. पण मंडळी, क्रिप्टो वॉलेटमधून पैसे उडाले तर? ना बँक, ना मॅनेजर, ना कस्टमर केअरचं ते रटाळ म्युझिक! ब्लॉकचेनवर एकदा पक्का झालेला व्यवहार मागे फिरत नाही.

म्हणूनच 'सील ९११' मला भन्नाट वाटतं. टेलिग्रामवरचा हा बॉट ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाला. मेसेज टाकायचा, तो थेट सिक्युरिटीवाल्या स्वयंसेवकांपर्यंत पोचतो. त्यामागचा मुख्य माणूस 'सॅमसीझेडसन' या टोपणनावानं वावरतो. ऑगस्ट २०२१ मध्ये सुशीस्वॅपच्या 'मिसो'वर लिलाव चालू असताना त्याला कोडमध्ये भोक सापडलं. सुमारे ३५ कोटी डॉलर पणाला लागले होते. त्यानं माणसं गोळा केली आणि चोराला वास लागायच्या आत, काही तासांत, पैसे वाचवले.

"फुकटात? काहीतरी गडबड असणार," माझा ऑफिसातला मित्र म्हणाला. अरे, चाळीत आग लागली की बंब येईपर्यंत शेजारीच बादल्या घेऊन धावतात ना? तसंच हे. अर्थात, शेजारी जळालेलं घर परत आणून देत नाहीत. पण वॉलेटमध्ये उरलेलं हलवता येतं, चोरीच्या पैशाचा माग काढता येतो. ते यूएसडीटीसारख्या नाण्यात असतील, तर ती काढणारी कंपनी चोराचा पत्ता गोठवू शकते. मात्र चोरानं ते पुढे सरकवायच्या आत!

आणि खरी मेख इथेच आहे. घाबरलेला माणूस हेल्प मागतो आणि दुसराच चोर 'रिकव्हरी एजंट' बनून इनबॉक्समध्ये हजर होतो. आधी फी भरा, मग पैसे मिळतील! आपणहून आलेल्या अनोळखी माणसानं आगाऊ फी किंवा सीड फ्रेज मागितली, तर तो चोरच समजा. एकदा लुटलेल्याला पुन्हा लुटणं सोपं असतं, कारण त्याला आशा हवी असते.

जुलै २०२४ मध्ये आपल्या वझीरएक्समधून सुमारे २३ कोटी डॉलर गेले, तेव्हा अनेकांचा जीव टांगणीला लागला. सायबर फसवणुकीसाठी आपल्याकडे १९३० हा सरकारी नंबर आहे. तो आत्ताच सेव्ह करा. आग लागल्यावर नंबर शोधत बसलात, तर बादलीवाले तरी काय करणार, बॉस?