नमुना कोणाचा घ्यायचा?

डिसेंबरात वारणानगरला कुस्त्यांचं मैदान भरतं. सहकारमहर्षी तात्यासाहेब कोरे यांच्या पुण्यस्मरणाचं हे मैदान. पन्हाळा, शाहूवाडी, शिराळा, वाळवा इकडचा सगळा शौकीन तेव्हा इथं लोटतो. हलगी कडाडते, पंजाब-हरियाणाचे मल्ल आखाड्यात उतरतात आणि बघ्यांत एक वाद हमखास रंगतो. एखाद्या तरण्या पोराचे खांदे बघून कोणीतरी म्हणतं, "हे नुसत्या दुधातुपाचं न्हवं." दुसरा म्हणतो, "मग? आता सगळीच घेत्यात." तिसरा, वयानं मोठा, उसासा टाकतो, "आमच्या वेळचं पैलवान बघायला पायजे हुतं."

पहिल्याला एवढंच सांगायचं की नुसत्या खांद्यांवरून कोणावर आळ घेऊ नये. जोर-बैठकांनीही खांदे भरतात. उरलेली दोन मतं मात्र खोडून काढायला हवीत. वरवर ती एकमेकांविरुद्ध दिसतात, पण दोन्हींचा उपयोग एकच: पोराच्या हातात सुई कोणी दिली, हा प्रश्न विचारायची वेळच येत नाही.

आधी जुन्या काळाचं. खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला कांस्यपदक जिंकलं ते १९५२ मध्ये. मेथॅन्डिनोन हे स्टिरॉइड 'डायनाबोल' या नावानं अमेरिकेच्या बाजारात आलं १९५८ मध्ये. व्हिएन्नाच्या जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेत रशियन लिफ्टर टेस्टोस्टेरॉन घेतात हे अमेरिकी संघाच्या डॉक्टरनं ऐकलं, तेही १९५४ चं. म्हणजे खाशाबांच्या पिढीसमोर ही गोळी कोणी धरलीच नव्हती. त्यांनी मोह टाळला असं म्हणण्यात अर्थ नाही, कारण मोह तेव्हा औषधाच्या दुकानात पोचलेलाच नव्हता. त्यांची मेहनत याने तसूभरही कमी होत नाही. पण त्यांना पुढं करून आजच्या पोराला नादान ठरवणं हा निव्वळ आळस आहे. पोरं तीच आहेत, शेतकऱ्याच्या घरातली, पहाटे चारला उठणारी. बदललाय तो बाजार, आणि बदललेत पैलवान पोसणारे.

हा पोसणाऱ्यांचा मुद्दा जरा सावकाश बघू, कारण माझ्या मते सगळं घोडं इथंच अडलंय. शाहू महाराजांनी कोल्हापुरात तालमी नांदवल्या, १९१२ मध्ये खासबागचं मैदान उभं केलं. पण मैदानाच्या आधी त्यांनी खुराक लावून दिला. पैलवान काय खातो, कोणाच्या हाताखाली मेहनत करतो, हे दरबाराला माहीत असे. खाशाबांना हेलसिंकीला धाडायला पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. कुस्तीच्या आश्रयदात्याचं हे जुनं माप होतं: तो स्वतःचं काहीतरी डावावर लावायचा. आज गावोगावच्या मैदानात आश्रयदाता डावावर लावतो तो इनामाचा आकडा आणि स्वतःचा फ्लेक्स. पोरगं वर्षभर काय खातं याच्याशी त्याचा संबंध उरलेला नाही. खुराकाचं पान रिकामं राहिलं की त्यावर वाढायला दुसरं कोणी येतंच: जिममधला ओळखीचा, डबेवाला सप्लिमेंटचा एजंट, कधी तालमीतलाच थोरला गडी.

आता 'सगळेच घेतात'. या वाक्यात थोडं खरं आहे, म्हणूनच ते धोक्याचं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, आकडेवारीनुसार २०२३ मध्ये भारतीय खेळाडूंचे ५,६०६ नमुने तपासले गेले आणि २१३ सदोष निघाले, म्हणजे ३.८ टक्के. मोठ्या संख्येनं चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सगळ्यांत वाईटांपैकी. २०२४ मध्ये नमुने ७,११३ झाले, सदोष २६०. लाजिरवाणं आहेच, पण शंभरात चार म्हणजे सगळे होत नाहीत. यावर जाणकार म्हणतील की पकडले जातात ते अडाणी, हुशार सुटतात, आणि खेड्यातल्या मैदानांची तर तपासणीच होत नाही. बरोबर आहे. पण मग त्यातून निघतं ते एवढंच की आपण बघितलेलं नाही. न बघता 'सगळे' म्हणणं हे त्या पोराला दिलेलं आमंत्रण आहे. सोळा वर्षांच्या मुलाला 'सगळे घेतात' एवढं पटलं की पुढचं काम त्याचं तोच करतो.

याच मताचा शिकलेला अवतार असा: 'बंदी पाळली जात नाही, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेऊ द्या.' हा प्रयोग जगात होऊन गेलाय. पूर्व जर्मनीनं १९७४ पासून सरकारी योजनाच आखली. देखरेखीला डॉक्टर होते, प्रयोगशाळा होती, शास्त्रज्ञ होते, वह्या काटेकोर होत्या. ओरल-ट्युरिनाबोलच्या निळ्या गोळ्या अल्पवयीन मुलींनाही जीवनसत्त्वं म्हणून दिल्या गेल्या. पदकं आली. त्यानंतर आवाज घोगरे झालेल्या, यकृत बिघडलेल्या, मूल होताना हाल झालेल्या बायका कोर्टात साक्षीला आल्या आणि २००० मध्ये बर्लिनच्या न्यायालयानं क्रीडाप्रमुख मान्फ्रेड एवाल्ड आणि डॉक्टर मान्फ्रेड ह्योप्नर यांना दोषी धरलं. देखरेखीनं डोस मोजता येतो. पोराचं शरीर परत करता येत नाही.

'शरीर त्याचं, मर्जी त्याची' असं म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर. तीस वर्षांच्या माणसापुरता हा वाद मी ऐकून घेईन. वाढत्या वयात या हार्मोनमुळे हाडांच्या टोकांवरचे वाढीचे पट्टे वेळेआधी बंद होतात. पोरगं रुंद होतं आणि उंची तिथंच थांबते. बाहेरून हार्मोन मिळतंय म्हटल्यावर शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. वृषणं आकसतात, छाती बायकांसारखी वाढू शकते, आणि सुई बंद केली की महिनोन्‌महिने मरगळ आणि उदासी. चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, हृदयाची भिंत जाड होते, तोंडावाटे घेतलेल्या गोळ्यांनी यकृताला मार बसतो. पंधराव्या वर्षी यातलं काय समजून मर्जी दिली जाते? वाडानं जानेवारी २०२४ मध्ये अल्पवयीन खेळाडूंवर अहवाल काढला. दोषी ठरलेला सगळ्यांत लहान खेळाडू १२ वर्षांचा होता, आणि सदोष अल्पवयीनांच्या संख्येत आघाडीवर रशिया, भारत आणि चीन.

शिवाय गावाकडे काय घेतलं जातंय हे घेणाऱ्यालाही धड ठाऊक नसतं. जिमच्या पोरांत आणि भरतीच्या तयारीतल्या पोरांत बोकाळलेलं मेफेन्टरमाइन हे स्टिरॉइडच नव्हे. ऑपरेशनच्या टेबलावर भुलीमुळे रक्तदाब कोसळला तर तो चढवायचं हे इंजेक्शन. त्यानं स्नायू वाढत नाहीत. घटकाभर दम आल्यासारखं वाटतं आणि हृदय धावत सुटतं. वजन उतरवायला घेतलेली फ्युरोसेमाइड ही तिसरीच वस्तू, लघवी वाढवून अंगातलं पाणी काढणारी. तीही बंदीच्या यादीत आहे. यातलं काहीही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असा कायदा आहे, आणि मिळतं कुठं हे तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही पोराला विचारावं.

राहिला शेवटचा बचाव, 'कोणीतरी अन्नात मिसळलं'. महाराष्ट्रानं तो नरसिंग यादवच्या वेळी ऐकला. तीन वेळचा महाराष्ट्र केसरी, २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवून भारताला ऑलिम्पिकची जागा आणून देणारा मल्ल. २०१६ च्या जून-जुलैत सोनपतच्या सराव केंद्रावर घेतलेल्या त्याच्या नमुन्यांत मेथॅन्डिनोन सापडलं. आपल्याविरुद्ध घातपात झाला असं त्यानं सांगितलं, राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे नाडाच्या, शिस्तपालन समितीनं ते मानलं आणि तो रिओला गेला. तिथं त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, क्रीडा लवादानं त्याच्यावर ४ वर्षांची बंदी घातली. मिसळल्याचा ठोस पुरावा नाही, असं लवादाचं म्हणणं. नरसिंगनं दोष कधीच कबूल केला नाही. तो खरा होता की खोटा यात मला शिरायचं नाही. मला त्यातलं गणित दिसतं. नियम असा की तुझ्या शरीरात सापडलं तर जबाबदार तू. त्यानं आणलं असो वा दुसऱ्यानं, त्या सगळ्या प्रकरणात शिक्षा भोगणारा माणूस एकच निघाला, अंगात लंगोट असलेला. नरसिंग तरी पोलीस खात्यात उपअधीक्षक होता, त्याच्या पाठीशी वकील होते. तालमीतल्या पोराच्या पाठीशी कोण?

तेव्हा माझं म्हणणं असं. नमुना पोराचा घ्याच, त्यात दया नको. पण हिशेब पोसणाऱ्याकडून सुरू व्हावा. जो इनाम लावतो त्यानं तपासणीही लावावी. वाडाच्या नियमांत १६ वर्षांखालचा खेळाडू 'संरक्षित' मानलाय. तो सापडला तर त्याच्या भोवतालच्या मार्गदर्शकांची चौकशी आपोआप व्हावी, आणि अशा मुलाला स्टिरॉइड देणाऱ्या मार्गदर्शकाला जन्माची बंदी, इतकं कडक लिहिलंय. पण बऱ्याच वस्तादांची नोंद कुठल्याच संघटनेत नसते, मग बंदी घालायची कशावर? म्हणून पहिली अट: नोंदलेल्या वस्तादाच्या नावाशिवाय अठराखालच्या पोराची कुस्ती लावायची नाही. पोरगं सापडलं तर त्या वस्तादाच्या सगळ्याच पोरांची जोड त्या हंगामात त्या मैदानात बंद. अन्याय वाटेल, पण एवढ्यानं तालमीतला थोरला गडी धाकट्याच्या पिशवीत डोकावायला लागेल.

हे वारणेनं आधी करावं असं मला वाटतं, आणि यात टोमणा नाही. एका खोऱ्यात साखर कारखाना, दूध संघ, शाळा, कॉलेजं, दवाखाना आणि कुस्तीचं मैदान एकाच सहकारी छत्राखाली असणं ही चैन महाराष्ट्रात थोड्या गावांना आहे. शाळकरी पोरांच्या हातात वाद्यं देऊन त्यांचा बालवाद्यवृंद नावारूपाला आणणारं हे गाव. मुलांची जबाबदारी घ्यायची म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवायला नको. इथल्या डॉक्टरनं दर तीन महिन्यांनी तालमीतल्या पोरांचा रक्तदाब, उंची, यकृताची आणि कोलेस्टेरॉलची तपासणी करून वही ठेवली, तर निम्मी चोरी लघवीच्या बाटलीआधीच दिसेल. खुराकाचं दूध तर दारातच आहे.

खर्चाचा मुद्दा निघेल. वाडाची मान्यता असलेली प्रयोगशाळा देशात एकच, दिल्लीत. तिचीही मान्यता २०१९ मध्ये निलंबित होऊन २०२१ अखेरीस परत मिळाली होती. नमुने नाडाच्या माणसांकरवीच घ्यावे लागतील आणि ते फुकटात होणार नाही, हे मान्य. पण प्रत्येकाची तपासणी करायला कोण सांगतंय? पहिल्या पाच नंबरांच्या कुस्त्यांतले विजेते, आणि उरलेल्यांतून चिठ्ठी टाकून दोघं. मोठ्या मैदानाच्या इनामांतून एक इनाम कमी केलं तरी भागावं.

'मग मल्ल येणारच नाहीत,' हा आयोजकांचा खरा धाक, तोंडानं कोणी बोलत नसलं तरी. २०२३ च्या सप्टेंबरात दिल्ली राज्य अॅथलेटिक्स स्पर्धेत नाडाची माणसं आल्याची बातमी फुटली आणि पुरुषांच्या १०० मीटर अंतिम शर्यतीला एकच धावपटू उभा राहिला. स्टेडियमच्या स्वच्छतागृहात वापरलेल्या सिरिंज मिळाल्या. एक मुलगी शर्यत संपवून थांबलीच नाही. तपासनीस मागं लागले तरी पळत राहिली. देशभर हसं झालं. मला मात्र त्या स्पर्धेतली ती एकट्याची शर्यत त्या वर्षातली सगळ्यांत प्रामाणिक वाटते. वारणेच्या मैदानातही पहिल्या वर्षी पहिल्या नंबरला जोड मिळाली नाही, तर लाउडस्पीकरवरून कारणासकट तसं पुकारावं, इनामाची रक्कम दवाखान्याच्या त्या वहीखाती जमा करावी, आणि दुसऱ्या नंबरची कुस्ती लावावी.