स्वस्त स्पीकर आणि शुद्ध पाठ

संगणकाला जोडावयाचे स्पीकर कोणते घ्यावेत, हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्याने वा शिक्षकाने विचारात घ्यावा असे सहसा कोणी मानत नाही. तो दुकानदाराचा विषय, फार तर घरातील तरुण मुलाचा. आमचे मत वेगळे आहे. लहान गावातल्या रसिकाला ख्याल, नाट्यगीत, काव्यवाचन, कीर्तन यांची भेट आज मैफलीत होते त्याहून कितीतरी अधिक वेळा संगणकासमोर होते. आमच्या सोनगीरहून धुळे वीसएक किलोमीटर आणि मुंबई त्याच आग्रा रस्त्याने तीनशेहून अधिक. अशा गावी टेबलावरच्या दोन डब्या हेच सभागृह. त्या डब्या काय ऐकवतात, काय गाळतात आणि पदरचे काय घालतात, हा प्रश्न रसिकतेचा आहे; आणि थोडा पाठचिकित्सेचाही.

पोथीची नक्कल करणारा लेखनिक दोन प्रकारे चुकतो. तो अक्षरे गाळतो, किंवा आपल्या पदरची घालतो. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात ज्यांनी जुनी बाडे चाळली असतील त्यांना हे सांगायला नको. गळालेले अक्षर बहुधा संदर्भावरून भरून काढता येते. प्रक्षेप मात्र मूळ मजकुरात असा मिसळतो की तो वेगळा काढताना भल्याभल्यांची मती कुंठित होते. स्पीकर हाही एक लेखनिकच आहे. थोडक्या पैशांत निर्दोष लेखनिक मिळत नाही हे एकदा मान्य केले, की प्रश्न उरतो तो कोणता दोष पत्करावा एवढाच. आमचे उत्तर असे : गळती परवडते, भर परवडत नाही.

बाजाराचे उत्तर याच्या नेमके उलट आहे. बाजार भर विकतो आणि ती आकड्यांत विकतो. स्वस्त स्पीकरच्या खोक्यावर 'पीएमपीओ' या नावाखाली हजारांच्या घरातले वॅट छापण्याची रीत आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आली. या आकड्याला सर्वमान्य व्याख्याच नाही. सलग किती शक्ती मिळेल ते 'आरएमएस' या आकड्यावरून कळते, आणि तो बारीक अक्षरांत पाच-दहा वॅट एवढाच निघतो. संगणकाच्या साध्या, जुन्या पद्धतीच्या यूएसबी खाचेतून पाच व्होल्टवर अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट वीज मिळते. केवळ तिच्यावर चालणारा स्पीकर शंभर वॅटची भाषा करीत असेल, तर ती अतिशयोक्ती अलंकारातच जमा करावी. शिवाय शक्ती दुप्पट केल्याने आवाज तीन डेसिबलनेच वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला शक्ती सुमारे दहापट लागते. हातभर अंतरावर बसून ऐकणाऱ्याला दोन-चार वॅट पुरून उरतात.

गंमत अशी, की हाच ग्राहक भांडी घेताना असा फसत नाही. सोनगीर हे तांब्यापितळेच्या भांड्यांचे गाव. येथे हंडा किंवा कळशी घेणारा वजन करून घेतोच, पण त्याआधी टिचकी मारून पाहतो. भांडे खणखणीत वाजले तर ठीक. बद्द वाजले तर कोठेतरी चीर आहे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. स्पीकरच्या दुकानात मात्र तोच माणूस कान घरी ठेवून येतो आणि खोके वाचतो. दुकानदार जे गाणे लावून दाखवतो ते तर खोक्याचेच लाडके गाणे असते, ज्यात धडधडीखेरीज ऐकण्यासारखे फारसे नसते.

मग स्पीकरची टिचकी कोणती? आमच्या मते तंबोरा. काळी एक स्वरात गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सुमारे १३८ हर्ट्‌झ असतो, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्‌झवर असते. तीन इंची पडद्याचा छोटा स्पीकर तेथवर नीट उतरत नाही. तरीही त्यातून खर्ज ऐकू येतो. याचे कारण आपला कान हा विलक्षण वाचक आहे. मूळ स्वर गळाला तरी त्याच्या वरच्या स्वरांशांवरून तो मूळ स्वर ताडतो. अभ्यासू संपादक गाळलेले अक्षर भरतो तसा. त्याच खर्जाच्या तारेतून जाणकारांना जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तो तिचा पाचवा स्वरांश होय, सुमारे ३४५ हर्ट्‌झचा. ही जागा लहान स्पीकरच्या हक्काची आहे. ओळखीच्या गायकाचे ध्वनिमुद्रण हलक्या आवाजात लावावे आणि सुरुवातीच्या तंबोऱ्यात तो गांधार उमलतो का ते पाहावे. उमलला तर जवारी शाबूत आहे. नुसतीच 'घूं' ऐकू आली, तर भांडे बद्द आहे.

भरीचा दोष सर्वांत ठळक दिसतो तो दोन चिमुकल्या डब्या आणि खाली एक खोका अशा स्वस्त 'टू पॉइंट वन' संचांत. डब्या इतक्या लहान, की त्यांना मधला पट्टाही पेलत नाही. म्हणून तो भार खालच्या खोक्यावर टाकलेला असतो. परिणामी गायकाचा मंद्र टेबलाखालून येतो आणि मध्य-तार टेबलावरून. डग्ग्यावरची मींड, जिच्यात तबलियाचा सगळा लडिवाळपणा असतो, ती एका सुराच्या धबधब्यात बुडून जाते.

भाषेच्या अभ्यासकाला तर याची झळ अधिक. स, श, च यांसारख्या व्यंजनांची ओळख बरीचशी तीन-चार हजार हर्ट्‌झच्या वर असते. खालची घुमारी वाढली की ती या व्यंजनांना झाकोळते. ओळखीच्या प्रमाण मराठीत आपण अंदाजाने शब्द भरून काढतो. अहिराणी न येणाऱ्या विद्यार्थ्याने कानबाईची गाणी ऐकताना अंदाज कशाचा करावा? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जमविलेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांचा ठेवा २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होऊ लागला आहे. जेथे जात्याची घरघरही मुद्रित झाली असेल तेथे घुमणारा खोका जाते मोठे करील आणि बाई लहान. ओवी ज्या आवाजाखाली दबली होती त्याच आवाजाला पुन्हा बळ देणे, याला आम्ही तरी ऐकणे म्हणणार नाही.

जुन्या तबकड्यांबाबतही हेच. गौहरजानचे पहिले ध्वनिमुद्रण १९०२ मधले. विद्युत ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास येईपर्यंत कर्ण्यातून केलेल्या मुद्रणात साधारण २५० ते २५०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा उतरत असे. त्या तबकडीत खालचा ठोका मुळातच नाही. तेव्हा खालचा खोका वाढवील काय, तर यंत्राची गुरगुर.

यावर आक्षेप येईल, की थोडक्या पैशांत हेडफोन याहून चांगले मिळतात. खरे आहे, एकट्याने ऐकायचे असेल तर तेच घ्यावेत. पण वर्गात तीस विद्यार्थ्यांनी, किंवा घरात चौघांनी, एकाच सुराला एकाच क्षणी दाद द्यायची असेल तर स्पीकरला पर्याय नाही. दुसरा आक्षेप असा, की ठेक्यावर नाचणाऱ्या गाण्यांना खालचा आवाज लागतोच. लागतो, ज्यांचे ऐकणे मुख्यतः तेच आहे त्यांच्याशी आमचे भांडण नाही.

बाकीच्यांना आमचे सांगणे थोडे आहे. हजार-दीड हजारांत खालचा खोका नसलेली साधी जोडी घ्यावी; पडदा दोन इंचांऐवजी तीन इंचांचा, आणि खोकी शक्य तर लाकडी. एखाद्याच्या माळ्यावर जुन्या डेकचे लाकडी स्पीकर पडून असतील तर काहीशे रुपयांचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर जोडून ते बहुधा नव्या डब्यांना मागे टाकतात. पडद्याची कड विरली नाही एवढे पाहावे. स्पीकर कानाच्या उंचीवर, कोपऱ्यापासून दूर, भिंतीपासून हातभर पुढे ठेवावेत. याला पैसा पडत नाही आणि फरक सर्वांत जास्त पडतो. गाणे बंद असताना गुणगुण ऐकू येत असेल तर घरातील अर्थिंगही तपासावे.

आणि महाविद्यालयांतील मराठी विभागांना एक विनंती. तेथे यंत्रे दरपत्रकावरून, सर्वांत कमी किंमत आणि सर्वांत मोठा आकडा पाहून घेतली जातात. मागणीपत्रात वॅटचा आकडा लिहिण्याऐवजी असे लिहावे, की वस्तू विभागातील शिक्षकांना एक ओवी, एक कविता आणि एक तंबोरा ऐकवून मगच स्वीकारली जाईल. पुस्तक घेताना आपण संपादक कोण हे पाहतो. ज्या यंत्रातून विद्यार्थी बहिणाबाईंची भाषा पहिल्यांदा ऐकणार, ते काय गाळते आणि काय घालते हे पाहणेही त्याच कर्तव्यात मोडते.