आधी हिस्सा, मग कौले

अब्बांच्या पश्चात आम्ही दोघे भाऊ शेतावरचे घर दुरुस्त करायला निघालो. वाशांना वाळवी लागलेली. मातीच्या भिंतीवर मागे दिलेल्या सिमेंटने ओल आतच कोंडलेली. गवंडी म्हणाला, "हे खरवडा, चुन्याचा गिलावा द्या."

अम्मींनी विचारले, "आपाला विचारलंत का?"

आम्ही गप्प. "ती कुठे मागते?" म्हणत इतकी वर्षे काढली होती. सूरह निसाप्रमाणे हिशेब सरळ आहे : अम्मींचा आठवा भाग काढून उरलेल्याचे पाच वाटे, दोन-दोन आमचे, एक आपाचा.

आपाला बोलावले, वाटे लिहून काढले, मगच कौले उतरवली. वाचकहो, बहिणीने मागितले नाही म्हणून तिचा हक्क संपत नाही.