लेकीचे कुरळे केस आणि घरातला कंगवा



ईदच्या आधीचा आठवडा आला किंवा घरात निकाह ठरला की एक प्रश्न हमखास निघतो: मुलीच्या केसांचे काय करायचे? केस सरळ असतील तर प्रश्न नसतोच. कुरळे असतील तर खाला, फुफी, शेजारीण, सगळ्यांनाच मत असते. कोणी म्हणते तेल थापून घट्ट वेणी घाल, कोणी म्हणते पार्लरमध्ये नेऊन सरळ करून आण. ‘झिंज्या’ हा शब्द तर त्या मुलीने अगदी लहानपणापासून ऐकलेला असतो. वर्गात शिकवताना आम्ही पाहतो, जी मुलगी सारखी हाताने केस दाबून बसवत असते, तिचे केस बहुधा कुरळे असतात. हात वहीवर असायला हवा, तो डोक्यावर असतो.

‘शमाइले तिरमिजी’मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या रूपाचे वर्णन आले आहे. त्यांचे केस अगदी सरळही नव्हते आणि अगदी घट्ट कुरळेही नव्हते, असे हजरत अनस (रजि.) यांच्या रिवायतीत आहे. हे वर्णन आपण मुहब्बतीने वाचतो आणि त्याच घरात लेकीच्या वळणदार केसांना नावे ठेवतो, हे आम्हाला पटत नाही. हदीसच्या ग्रंथांत केसांबाबत दोन्ही बाजूंची शिकवण सापडते. केस विस्कटलेले ठेवणे आवडलेले नाही, आणि रोज उठून विंचरण्या-सजवण्यातच गुंतून राहणेही आवडलेले नाही. कुरळ्या केसांना नेमकी हीच मधली वाट मानवते. कशी, ते पाहू.

केस कुरळे का होतात

केस ज्या मुळातून उगवतो ते मूळ गोल असेल तर केस सरळ येतो. मूळ चपटे आणि तिरके असेल तर केस वळत वळत वाढतो. आपली टाळू जे नैसर्गिक तेल सोडते ते सरळ केसावरून सहज खाली उतरते. कुरळ्या केसाच्या प्रत्येक वळणावर ते अडते. म्हणून कुरळ्या केसांत मुळाशी चिकटपणा आणि टोकाशी कोरडेपणा, अशी तक्रार एकाच डोक्यावर दिसते. कोरडा केस हवेतला ओलावा ओढून घेतो, फुगतो आणि पिंजारतो.

एवढे समजले की पुढचे सगळे सोपे होते. कुरळ्या केसांना ओलावा द्यायचा, तो टिकवायचा आणि वळण मोडायचे नाही. घरातल्या बऱ्याच सवयी मात्र सरळ केसांसाठी पडलेल्या असतात. रोज सकाळी बारीक दातांच्या फणीने कोरडे केस विंचरणे ही त्यांतली सर्वांत नुकसानीची. त्याने एकत्र आलेली वळणे सुटी होतात, केस तुटतो आणि डोके झाडूसारखे दिसू लागते.

आधी आपला केस ओळखा

बाजारातून काही आणण्याआधी तीन गोष्टी बघून घ्या. पहिली, वळण: केस लाटेसारखा आहे, स्प्रिंगसारखा आहे की अगदी बारीक गुंडाळीसारखा? दुसरी, जाडी: एक केस अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरा. तो आहे की नाही हेच कळत नसेल तर केस बारीक, दोऱ्यासारखा लागला तर जाड. तिसरी, सुकायला लागणारा वेळ: धुतलेले केस तासाभरात सुकतात की अर्धा दिवस ओले राहतात?

बारीक, लाटेसारख्या केसांवर जड क्रीम किंवा लोणीसारखे पदार्थ लावले तर केस चप्प बसतात. त्यांना हलके कंडिशनर आणि जेल पुरते. जाड, घट्ट कुरळ्या केसांना क्रीम आणि वरून थोडे तेल हवे असते. भराभर सुकणारे केस ओलावा भराभर सोडतात. त्यांनाही जरा दाट क्रीम लागते. मैत्रिणीला लागू पडलेली बाटली आपल्या लेकीला लागू पडेलच असे नाही, ते यामुळेच.

धुणे

आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा शॅम्पू पुरे. शॅम्पू टाळूसाठी असतो. तो बोटांच्या पेरांनी टाळूवर चोळावा, नखांनी नाही. खाली वाहणारा फेस टोकांना पुरतो. बाटलीवर सोडियम लॉरिल सल्फेट पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर तो शॅम्पू कुरळ्या केसांना बहुधा जास्त कोरडे करतो. सौम्य शॅम्पू निवडा. अंगाचा साबण केसांना लावू नका. विशेषतः बोअरचे जड पाणी असलेल्या गावांत साबण आणि पाण्यातले क्षार मिळून केसांवर पांढरट थर बसतो.

धुण्याच्या तासभर आधी खोबरेल तेलाचा हलका हात फिरवला तर फायदा होतो. खोबरेल केसाच्या आत शिरते आणि पाण्याने केस फुगून होणारी झीज कमी करते. मात्र तेल थापून चार दिवस तसेच ठेवण्यात काही नफा नाही.

नंतर कंडिशनर. ते टाळूला नको, कानाच्या खालच्या भागापासून टोकांपर्यंत लावा. कंडिशनर केसांत असतानाच गुंता सोडवा. आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या कंगव्याने, आणि नेहमी टोकाकडून वर. कुरळे केस विंचरण्याची खरी वेळ हीच. नंतर आठवडाभर कोरड्या केसांत कंगवा घालावा लागत नाही.

वळण बसवणे

केस चांगले ओले असतानाच पुढचे काम करायचे, निथळून गेल्यावर नाही. तळहातावर थोडे क्रीम किंवा तेच कंडिशनर घ्या, केसांवरून खाली फिरवा. मग जेल. जेल लावताना डोके एका बाजूला झुकवा, टोके ओंजळीत घ्या आणि हळूच टाळूकडे दाबा. मूठ उघडा, पुन्हा दाबा. याने वळणे आपोआप एकत्र येतात.

खरखरीत टॉवेलने केस झटकू नका. जुनी मलमलची ओढणी किंवा सुती टी-शर्ट घेऊन तशाच दाबण्याने पाणी टिपा. त्यानंतर केस पूर्ण सुकेपर्यंत हात लावायचा नाही. सुकल्यावर केस कडक, पापडासारखे लागतील. घाबरू नका, तो जेलचा थर आहे. हातावर तेलाचे दोन थेंब चोळून केस मुठीत दाबले की कडकपणा जातो आणि वळण राहते.

स्वयंपाकघरातले जेल

जेल विकतच आणावे असे नाही. पाव वाटी जवस, म्हणजेच अळशी, दोन वाट्या पाण्यात मध्यम आचेवर ढवळत उकळा. सात ते दहा मिनिटांत पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखे तार धरू लागते. तेव्हाच गॅस बंद करा आणि गरम असतानाच पातळ सुती कापडातून गाळा. थंड झाल्यावर गाळायला गेलात तर बियांपासून ते सुटतच नाही. काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते. वास बदलला की फेकून द्या. यात संरक्षक काही नसते, म्हणून थोडेच करावे.

बाटलीवर अल्कोहोल लिहिले असेल तर?

हा प्रश्न आपल्या घरांत नेहमी पडतो. रसायनशास्त्रात ‘अल्कोहोल’ हे एका मोठ्या कुटुंबाचे नाव आहे. सिटाइल, सिटेरिल, स्टिअरिल अल्कोहोल हे मेणासारखे घट्ट पदार्थ आहेत. त्यांनी नशा होत नाही आणि ते केस मऊ करतात. याउलट ‘अल्कोहोल डिनॅट’ म्हणजे पिण्यास अयोग्य केलेले इथेनॉल. धार्मिक बाजू क्षणभर बाजूला ठेवली तरी ते यादीत वर असेल तर केस कोरडे करते, टाळलेले बरे. स्टिअरिक ॲसिड आणि ग्लिसरीन वनस्पतीपासूनही होतात आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. केराटिन तर लोकर, पिसे, खुरे यांपासून काढतात. मन शंकेत असेल तर पाकिटावरचा हिरवा ठिपका किंवा हलाल प्रमाणपत्र पाहून घ्या.

ग्लिसरीनची आणखी एक गंमत आहे. ते हवेतले पाणी ओढते. कोकणात पावसाळ्यात हवा आधीच ओली असते, तेव्हा ग्लिसरीन जास्त असलेल्या जेलने केस आणखी फुगू शकतात. डायमेथिकोनसारखे सिलिकोन असलेले कंडिशनर केस चमकवते, पण फार सौम्य शॅम्पूने ते पुरते निघत नाही आणि थर साचतो. महिन्यातून एकदा नेहमीचा शॅम्पू वापरला की हा प्रश्न मिटतो.

वुजू, गुस्ल आणि हिजाब

वुजूमध्ये डोक्याचा मसह ओल्या हाताने होतो, डोके भिजवायचे नसते. त्यामुळे बसवलेले वळण मोडत नाही आणि केस बिघडतील म्हणून मसह उरकून टाकण्याचे कारणही नाही. गुस्लमध्ये पाणी केसांच्या मुळांपर्यंत पोहोचले पाहिजे. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी घट्ट वेण्यांविषयी विचारले असता त्या सोडण्याची गरज नाही, डोक्यावर तीन ओंजळी पाणी घालणे पुरेसे आहे, या आशयाचे उत्तर मिळाल्याची हदीस ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे. तपशिलात मसलकांचा फरक आहे. कोकणातली आपली घरे बहुतांशी शाफई, घाटावरची बहुतांशी हनफी. शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावे. जेल पाण्यात विरघळणारे असावे आणि मुळांशी त्याचा थर नसावा, एवढी काळजी मात्र प्रत्येकीने घ्यावी.

ओल्या केसांवर हिजाब बांधू नका. ओला केस ताणाने लवकर तुटतो आणि बंद ओलाव्याने टाळूला खाज सुटते. सकाळी शाळा-कॉलेज असेल तर केस आदल्या संध्याकाळी धुवा. ओढणीखाली साटनची टोपी घातली तर सुती कापडासारखे घर्षण होत नाही. रात्री केस माथ्यावर सैल बांधा किंवा साटनची उशीची खोळ वापरा. अंबाडा रोज एकाच जागी करकचून बांधू नका. कपाळाच्या कडेचे केस सतत ओढले गेले की तिथून ते विरळ होतात आणि वर्षानुवर्षे असेच चालले तर परत येत नाहीत. शाळेत दोन वेण्यांचा नियम असतो, तो पाळावा, पण वेणी सैल घालूनही नीटनेटकी दिसते. हे आम्ही शिक्षक म्हणूनच सांगत आहोत.

सरळ करून आणण्याआधी

पार्लरमधल्या केस सरळ करण्याच्या काही औषधांत फॉर्माल्डिहाइड किंवा ते सोडणारी द्रव्ये असतात. गरम इस्त्री फिरवली की त्याची वाफ होते, डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत ठेवले आहे. ‘फॉर्माल्डिहाइड नाही’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक ॲसिड असते. २०२४ मध्ये फ्रान्समधील डॉक्टरांनी २६ वर्षांच्या एका तरुणीची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात मांडली: तीनदा केस सरळ केले, तिन्ही वेळा मूत्रपिंडाला इजा झाली, आणि त्या क्रीममध्ये हेच ॲसिड होते. प्रत्येकीला असे होते असे नाही. पण ज्या मुलीला काही आजार नाही, तिला तिच्या केसांसाठी हा धोका कशाला? शिवाय सहा महिन्यांत मुळाशी तेच कुरळे केस पुन्हा उगवतात. पुन्हा खर्च, पुन्हा तीच वाफ.

आमचे म्हणणे एवढेच, की निर्णय मुलीचा असेल तर तो माहितीनिशी व्हावा, आणि ‘मुलाकडचे काय म्हणतील’ या भीतीने तर होऊच नये. पाहायला येणाऱ्यांनी केसांच्या वळणावरून मुलगी नाकारली, तर त्या घरात पुढे तिच्या आणखी कशाकशाला नावे ठेवली जातील, याचा विचार अम्मी-अब्बूंनी करावा.

एकदम सगळे विकत घेणे हा इस्राफ आहे. सुरुवातीला एक साधे कंडिशनर, एक रुंद दातांचा कंगवा आणि मूठभर जवस आणा. महिनाभर एकच पद्धत पाळा, दर आठवड्याला बदलू नका. जुने तुटके टोक अर्धा-एक इंच कापून घ्या. आणि पुढच्या जुम्याला लेकीचे केस धुवायला घ्याल तेव्हा गुंता सोडवताना ‘झिंज्या’ हा शब्द तोंडून काढू नका. तेवढी पंधरा मिनिटे शाळेत काय झाले ते विचारा. मुली अशा वेळी खूप काही सांगतात.