निर्णय कचेरीत, किंमत गडावर : पन्हाळा, १८४४

१/ पन्हाळ्याच्या चार दरवाजाचे आज केवळ अवशेष उरले आहेत. १८४४ च्या उठावात इंग्रजांनी तो जमीनदोस्त केला. त्या उठावाच्या मुळाशी होता जमिनींच्या व्यवस्थेविषयीचा एक निर्णय. तज्ज्ञांनी घेतलेला, आणि हिशेबाच्या दृष्टीने सयुक्तिकही.

२/ १८३८ मध्ये कोल्हापूरचे छत्रपती शहाजी ऊर्फ बुवासाहेब निवर्तले. वारस अल्पवयीन, दरबारात कलह, कारभार विस्कळीत. अखेर इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित यांची कारभारी म्हणून नेमणूक केली. राज्याची घडी बसवणे हे त्यांचे काम होते.

३/ संस्थानातील गडांवर गडकरी पिढ्यान्‌पिढ्या पहारा देत. वेतन म्हणून त्यांच्याकडे जमिनी असत आणि त्यांची व्यवस्था गडाकडेच असे. त्या जमिनीवर त्यांचे पोट आणि मान दोन्ही अवलंबून होते.

४/ नव्या कारभारात ही व्यवस्था मामलेदाराच्या कचेरीकडे गेली. कागदावर यात गैर काहीच नव्हते. गडकऱ्याने मात्र त्याचा अर्थ निराळा लावला : आज व्यवस्था गेली, उद्या जमीन जाईल. ज्याच्या भाकरीचा प्रश्न, त्याला त्या निर्णयात स्थान नव्हते.

५/ सामानगडावर ठिणगी पडली. भुदरगड, पन्हाळा पेटले. कर्नल ओव्हान्स हा इंग्रज अधिकारी बंडवाल्यांच्या हाती लागला आणि पन्हाळ्यावर कैदेत पडला. १ डिसेंबर १८४४ रोजी इंग्रजांनी तोफांच्या बळावर पन्हाळा घेतला. पुढे तटबंद्या पाडल्या गेल्या आणि वंशपरंपरागत गडकरी पद्धतच संपली.

६/ गडकऱ्यांना आधी विचारले असते, तर उठाव टळलाच असता असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. परंतु त्यांच्या मनातील भीती कचेरीला तोफा डागण्यापूर्वी कळली असती. महसुलाचे गणित कारभाऱ्यास ठाऊक होते. गडावरच्या घरात त्या गणिताचा अर्थ काय होतो, हे केवळ गडकऱ्यालाच ठाऊक होते. तेही ज्ञानच होय.

७/ ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये हाच विचार मांडला आहे : घर कसे आहे, याचा निवाडा बांधणाऱ्यापेक्षा त्यात राहणारा अधिक चांगला करतो.

८/ पन्हाळ्यावर आजही माणसे राहतात. गडावर नगरपरिषद आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा घोषित केले, त्यांत पन्हाळा आहे. घोषणेपूर्वी इथल्या रहिवाशांनी विरोध नोंदवला होता. घरदुरुस्तीवर बंधने येतील, विस्थापित व्हावे लागेल, ही त्यांची भीती होती. प्रशासनाला आश्वासने द्यावी लागली.

९/ रहिवासी चुकू शकतात. ढासळता बुरूज कसा सावरावा, हे त्यांच्या मतदानावर ठरवू नये. तिथे पुरातत्त्वज्ञाचाच शब्द अंतिम हवा. पण गळके छप्पर किती दिवसांत दुरुस्त करता यावे, गाड्या कुठे थांबाव्यात, दुकाने कुठे असावीत, या प्रश्नांत तज्ज्ञाला गडावर वर्षभर राहणाऱ्याकडूनच शिकावे लागेल.

१०/ म्हणून वारशाचा आराखडा ठरवणाऱ्या बैठकीत रहिवाशाची जागा पहिल्या दिवसापासून हवी. तयार मसुद्यावर हरकती मागवणे म्हणजे विचारणे नव्हे. वरून उतरलेल्या निर्णयाची किंमत काय असते, हे चार दरवाजाच्या दगडांना १८४४ पासून ठाऊक आहे.