पाडायचं ठरलं, पण निवडायचं कोणाला?

वढू बुद्रुक हे गाव छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे सगळ्यांना माहीत आहे. ते शिरूर लोकसभा मतदारसंघात येतं. इथल्या दोन निवडणुका शेजारी ठेवून पाहा.

२०१९ ला शिवाजीराव आढळराव पाटील धनुष्यबाणावर उभे होते. समोर होते घड्याळावर डॉ. अमोल कोल्हे, जे काही महिन्यांपूर्वीपर्यंत शिवसेनेतच होते. २०२४ ला पुन्हा हेच दोघे. पण आता आढळराव घड्याळावर आणि कोल्हे तुतारीवर! दोन्ही वेळा कोल्हे जिंकले. प्रश्न एवढाच, की वर्षानुवर्षं 'घड्याळ नकोच' म्हणून भावकीशी अबोला धरणाऱ्या माणसाने आता राग कोणावर काढायचा? नेत्यांनी चिन्हं बदलली, गावातला अबोला मात्र तसाच राहिला.

आपण मुस्लिम मतदार तरी वेगळं काय करतो? आपल्या घरात उमेदवाराची चर्चा कमी आणि 'कोणाला पाडायचं' याची जास्त होते. ही भीती खोटी नाही. जुलै २०२४ मध्ये विशाळगडाजवळ गजापूरला मशिदीवर आणि घरांवर हल्ला झाला, तो सगळ्यांनी पाहिला. अशा वेळी बचावासाठी मत देणं स्वाभाविक आहे.

पण त्याची किंमतही बघा. २०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडीने राज्यातल्या ४८ पैकी एकाही जागेवर मुस्लिम उमेदवार दिला नाही. काँग्रेसचे नसीम खान यांनी उघड नाराजी व्यक्त केली, तरी मतं मिळालीच. 'हे जाणार कुठे?' असा पक्षांचा हिशोब असतो. ज्याचं मत आधीच ठरलेलं, त्याच्या दारात कोण कशाला येईल?

शिवाय नफरत दोन्ही बाजूंना काम करते. धुळ्यात काँग्रेसच्या शोभा बच्छाव अवघ्या ३,८३१ मतांनी जिंकल्या आणि त्यात मालेगाव मध्यचा वाटा मोठा होता. भाजपच्या नेत्यांनी हाच निकाल पुढे करून विधानसभेला 'व्होट जिहाद' हा शब्द चालवला. आपल्या एकजुटीचा धाक दाखवून समोरची एकजूट बांधली गेली. त्याच मालेगाव मध्यमध्ये सहा महिन्यांनी आपलीच मतं इतकी विभागली, की निकाल १६२ मतांवर लागला. म्हणजे समान शत्रू समोर नसला, की आपली समान मागणीही उरत नाही.

मी शिक्षक आहे. मुलांना सांगतो, चुकीचे पर्याय खोडले म्हणजे पेपर संपत नाही, बरोबर उत्तर लिहावंच लागतं. तेव्हा पुढच्या वेळी उमेदवार मोहल्ल्यात आला, की त्याला फक्त 'कोणाच्या विरोधात आहात' हे विचारू नका. उर्दू शाळेतले शिक्षक, कब्रस्तानची जागा, पोरांची शिष्यवृत्ती, यावर काय करणार ते विचारा आणि लिहून ठेवा. पाच वर्षांनी तोच कागद त्याच्यासमोर ठेवा.